स्पोर्ट्स कारची स्टेपनी गेली कुठे?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना मी दोन-तीन ठिकाणी वाहवत गेलो होतो, ते थोडं आवरलंय. थोडंच.

सुरुवात शिरवळच्या पुढच्या एका पंक्चरच्या दुकानापासून करतो. माझ्या एका मित्रानं सेकंडहँड, दोन सीटांची स्पोर्ट्स कार घेतली. आयुष्यभराचं स्वप्न वगैरे. पहिल्याच लांबच्या फेरीला आम्ही साताऱ्याकडे निघालो आणि खंबाटकी घाट यायच्या आधीच मागचं डावं चाक बसलं. नशिबानं दुकान शंभर पावलांवर होतं. दुकानातल्या काकांनी चाकाकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, "स्टेपनी काढा."

मित्रानं डिकी उघडली. आत थर्माकोलच्या साच्यात एक छोटा कंप्रेसर, एक वायर आणि पांढऱ्या द्रवाची एक बाटली. स्टेपनी नाही. जॅक नाही. पाना पण नाही. काकांनी टायरच्या बाजूच्या भिंतीला पडलेल्या चिरेत आपलं बोट घालून दाखवलं आणि म्हणाले, "ह्याला बाटली काय करणार?" बाटलीवरची तारीखही उलटून गेली होती, पण तो मुद्दा आता गौण होता. पुण्याहून गाडी उचलून न्यायचा ट्रक यायला चार तास लागले. तेवढ्या वेळात एक जुनी ओम्नी आली, तिच्या ड्रायव्हरनं स्वतःच जॅक लावला, चाक बदललं, चहा प्यायला आणि गेला. आमच्याकडे बघून हसला नाही, हे त्याचे उपकार.

मी व्यवसायानं सॉफ्टवेअरवाला. सर्व्हरचा बॅकअप नसेल तर रात्री झोप न लागणारा माणूस. त्यामुळे त्या चार तासांत माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता: इतक्या महागड्या गाडीतून बॅकअप काढून टाकायचा निर्णय नक्की कुणी आणि कधी घेतला? उत्तर शोधायला गेलो तर सव्वाशे वर्षं मागे जावं लागलं. गंमत म्हणजे पहिला धागा काकांच्या वाक्यातच होता.

स्टेपनी. हा शब्द आपण इतका घासून वापरतो की तो मराठीच वाटतो. आमच्या हॉस्टेलवर क्रिकेटच्या बाराव्या खेळाडूलाही स्टेपनीच म्हणायचे. पण हे एका रस्त्याचं नाव आहे. वेल्समधल्या लनेथली नावाच्या गावात स्टेपनी स्ट्रीट म्हणून रस्ता आहे. तिथल्या थॉमस मॉरिस डेव्हिस आणि त्याचा भाऊ वॉल्टर यांनी 1904 च्या सुमारास मोटारीसाठी एक जोडचाक बनवलं आणि त्याला रस्त्याचंच नाव दिलं. ते आपल्या आजच्या स्टेपनीसारखं पूर्ण चाक नव्हतं. नुसती एक रिम, मधले आरे नाहीत, वर हवा भरलेला टायर. पंक्चर झालेलं चाक काढायचंच नाही. त्याच्या शेजारी ही रिम क्लँपनं आवळायची आणि गाडी तिच्यावर पुढे न्यायची.

आता तुम्ही म्हणाल, चाक काढून दुसरं का नाही लावायचं? कारण तेव्हा चाक निघतच नव्हतं. म्हणजे निघायचं, पण ते काम रस्त्याच्या कडेला करण्यासारखं नव्हतं. पंक्चर झालं की चाक गाडीलाच ठेवून टायर लोखंडी पट्ट्यांनी उपसायचा, ट्यूब बाहेर काढायची, ठिगळ लावायचं किंवा नवी ट्यूब घालायची, टायर परत चढवायचा आणि हातपंपानं हवा भरायची. आणि रस्ते घोड्यांचे, म्हणजे नालांचे खिळे जागोजाग पडलेले.

1895 ची पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यत घ्या. अंतर साधारण 1,178 किलोमीटर. आंद्रे आणि एदुआर मिशलँ हे दोघे भाऊ त्यात स्वतः उतरले, हवेचे टायर लावलेली गाडी घेऊन. सोबत नेलेल्या 22 ट्यूब वाटेत संपल्या, असं सांगतात. ठरलेल्या 100 तासांत ते पोचले नाहीत. सर्वांत आधी पोचलेल्या एमिल लेव्हासोरला लागले होते 48 तास 48 मिनिटं, तेही भरीव रबराच्या चाकांवर. त्या दिवशी कुणी मला विचारलं असतं तर मीही भरीव रबरावरच पैज लावली असती. पण मिशलँ बंधूंनी पंक्चर होणार हे धरूनच पुढचा विचार केला. पंक्चर थांबवता येत नसेल तर पंक्चरनंतरचा वेळ कमी करायचा.

तो विचार 1906 मध्ये फळाला आला. ल मान्स शहराजवळ पहिली फ्रेंच ग्राँ प्री झाली, 26 आणि 27 जून, दोन दिवस मिळून 1,238 किलोमीटर. कडक ऊन, रस्त्यावरचं डांबर वितळलेलं, दगड उडतायत. नियम असा की गाडीला हात फक्त ड्रायव्हरनं आणि त्याच्यासोबत बसलेल्या मेकॅनिकनं लावायचा. बाकीच्यांनी बघायचं. साधा टायर बदलायचा म्हणजे फाटलेला टायर सुरीनं कापून काढायचा आणि नवा जोर लावून चढवायचा. पंधरा मिनिटांचं काम. मिशलँनी काही टीमना नवी चीज दिली होती: सुटी होणारी रिम. टायर आधीच चढवलेला, हवा आधीच भरलेली. नट सोडा, जुनी रिम काढा, नवी बसवा, नट आवळा. चार मिनिटांच्या आत गाडी परत धावायला मोकळी.

मग सगळ्यांनीच ती का नाही लावली? वजन! नियमानुसार गाडी 1,000 किलोच्या आत हवी होती आणि ही रिम दर चाकामागे साधारण 9 किलो जास्त भरायची. पनार्डसारख्या टीमकडे तेवढी जागाच उरली नव्हती. त्यांनी सगळी वजनमर्यादा इंजिन आणि चासीवर खर्च केली होती. शर्यत जिंकली फेरेंत्स सिस या हंगेरियन ड्रायव्हरनं, रेनॉमधून, अर्ध्या तासाहून जास्त फरकानं. दुसरी फियाट, तिसरी क्लेमाँ-बायार. तिघांकडेही सुट्या रिमा होत्या.

इथे जरा थांबा, कारण पुढची सगळी गोष्ट याच वजनकाट्यावर चालते. एका पारड्यात किलो, दुसऱ्या पारड्यात रस्त्यात अडकायची भीती. प्रत्येक पिढीच्या इंजिनिअरनं हा काटा पुन्हा नव्यानं हातात घेतलाय आणि बहुतेकांना वाटलंय की आपल्याला उत्तर सापडलं.

रिमनंतर आलं पूर्ण सुटं होणारं चाक. ब्रिटनच्या रज-व्हिटवर्थ या सायकल बनवणाऱ्या कंपनीनं तारांच्या आऱ्यांचं एक चाक काढलं. अ‍ॅक्सलच्या टोकाला दाते, त्यावर चाक सरकवायचं आणि मधोमध एकच मोठा नट. पुढे त्या नटाला दोन कान आले. तांब्याच्या किंवा शिशाच्या हातोडीनं कानावर ठोकायचं की नट सुटतो किंवा आवळतो. डाव्या आणि उजव्या बाजूच्या नटांचे आटे एकमेकांच्या उलट, म्हणजे चाक फिरताना नट ढिला न होता घट्टच होत राहावा. जुन्या एमजी किंवा जॅग्वार ई-टाइपच्या चाकावर मधे पंख्यासारखं जे दिसतं ते हेच. सुरुवातीला या चाकाला विरोध झाला. 1908 च्या फ्रेंच ग्राँ प्रीमध्ये सुटी रिम चालेल पण सुटं चाक चालणार नाही, असा नियम निघाला. पण वापरणाऱ्यांना चाक पटलं होतं.

आणि आता योगायोग बघा. 1923 मध्ये ल मान्सची 24 तासांची शर्यत सुरू झाली तेव्हा बक्षिसासाठी 1,00,000 फ्रँक देणारा माणूस होता एमिल कोकिय, रज-व्हिटवर्थचा फ्रान्समधला माणूस. म्हणजे जगातल्या सर्वांत प्रसिद्ध स्पोर्ट्स कार शर्यतीच्या जन्माच्या वेळी पाळण्याशी उभी होती एक सुटं चाक विकणारी कंपनी. शर्यतीचा हेतूही तोच होता. नुसता वेग नाही, रस्त्यावरची गाडी टिकते किती ते बघायचं. म्हणून नियम कडक. पिटच्या बाहेर गाडी बंद पडली तर ड्रायव्हरनं स्वतः, गाडीत असलेल्या सामानानिशी ती दुरुस्त करायची. गाडीत नाही ते तुमच्याकडे नाही.

आता या भागातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट. जून 1928, ल मान्स. बेंटलीच्या तीन साडेचार लिटर गाड्या उतरल्या होत्या. त्यातली एक टिम बर्किनकडे. बर्किन म्हणजे पैसेवाला, थोडा तोतरा बोलणारा आणि गाडी अशी पळवणारा की पुढच्या मिनिटाला गाडीचं काय होईल याची त्याला फिकीरच नाही. त्याचा जोडीदार होता जाँ शासान्य, फ्रेंच, पंचेचाळिशी ओलांडलेला, पहिल्या महायुद्धाच्या आधीपासून शर्यती करत आलेला मुरलेला माणूस.

त्या वर्षी बेंटलीच्या टीमनं एक निर्णय घेतला होता: जॅक न्यायचे नाहीत. वजन वाचेल.

शर्यतीच्या पहिल्या काही तासांतच, पिटपासून बऱ्याच लांब अंतरावर, बर्किनचा मागचा टायर फुटला. नुसता बसला नाही. फुटलेल्या रबराच्या आणि आतल्या कापडाच्या चिंध्या चाकाभोवती गुंडाळून बसल्या आणि चाक फिरेना. जॅक असता तर मागची बाजू उचलायची, मधल्या नटावर हातोडी घालायची, संपलं. अख्खी शर्यत ज्यांच्या चाकाच्या नावानं सुरू झाली त्यांचं चाक म्हणजे जगातलं सर्वांत पटकन निघणारं चाक. पण ते काढायला गाडी जमिनीपासून चार बोटं वर जायला हवी ना. ती चार बोटं टीमनं वजनकाट्यावर सोडून दिली होती.

बर्किन जमिनीवर बसला आणि खिशातल्या सुरीनं टायर कापायला लागला. दीड तास. शेजारून बाकीच्या गाड्या फेऱ्यांवर फेऱ्या मारतायत आणि हा चिंध्या कापतोय. 1906 मध्ये मेकॅनिक ज्या सुरीनं टायर कापत होते, बावीस वर्षांनी परत तीच सुरी. शेवटी रिम मोकळी झाली. नुसत्या रिमवर गाडी हळूहळू नेली असती तर कदाचित पोचली असती, पण हळूहळू हा शब्द बर्किनच्या डिक्शनरीत नव्हता. त्यानं वेग घेतला, चाकानं मान टाकली आणि आर्नाज गावाजवळ गाडी रस्त्याकडेच्या खड्ड्यात गेली.

मग बर्किन पळाला. पिटपर्यंत, जवळजवळ पाच किलोमीटर. पोचला तेव्हा त्याच्यात काही उरलं नव्हतं. शासान्यनं त्याचं ऐकून घेतलं, दोन्ही काखांत एकेक जॅक धरला आणि आलेल्या वाटेनं उलटा पळत निघाला. "आता माझी पाळी" एवढंच म्हणाला, असं सांगतात. पंचेचाळिशीच्या पुढचा माणूस, दोन्ही बाजूंना लोखंड. मी जिममध्ये दोन डंबेल घेऊन ट्रेडमिलवर प्रयत्न करून बघितला. अडीच मिनिटं. त्यानंतर ट्रेनरनं मला हात जोडले.

शासान्यनं गाडी उचलली, चाकाचं काम केलं, खड्ड्यातून बाहेर काढली आणि पिटमध्ये आणली. सगळं मिळून जवळपास तीन तास गेले होते. तीन तास म्हणजे त्या 17.262 किलोमीटरच्या वर्तुळाच्या वीसेक फेऱ्या. इथे कुणीही गाडी बाजूला लावली असती. यांनी उरलेले सगळे तास गाडी चालवली आणि पाचव्या क्रमांकावर शर्यत पूर्ण केली. शर्यतीतली सर्वांत वेगवान फेरीही बर्किनचीच: 8 मिनिटं 7 सेकंद, ताशी सुमारे 127 किलोमीटर.

आणि शर्यत कुणी जिंकली? बेंटलीनंच. वूल्फ बार्नाटो आणि बर्नार्ड रुबिन यांची गाडी, तीही जॅक नसलेल्या टीमची. त्यांची चासी शेवटी शेवटी तडकली होती, रेडिएटरचं पाणी गेलं होतं, पण टायर टिकला.

मग जॅक न नेण्याचा निर्णय बरोबर होता की चूक? माझं मत सांगतो. निकालाच्या कागदावर तो बरोबर दिसतो, पण तो कागद जिंकलेल्या गाडीचा आहे. तीन गाड्यांपैकी कुठल्या गाडीचा टायर फुटणार हे आधी कुणालाच माहीत नव्हतं. फुटला त्या गाडीच्या वाट्याला सुरी, खड्डा आणि पाच किलोमीटरची धाव आली. आमच्या ऑफिसातही असंच होतं, रिलीज नीट गेलं की बॅकअप न घेणारा हुशार ठरतो. आणि हो, किती वजन वाचलं असेल? शासान्यनं दोन जॅक काखेत मारून पळत नेले, म्हणजे एका माणसाला पेलवेल इतकंच.

पुढची दशकं भराभर सांगतो. 1930 च्या दशकात पारडं दुसरीकडे झुकलं. काही ब्रिटिश गाड्यांमध्ये, उदाहरणार्थ 1936 च्या एमजी एसए मध्ये, जॅकऑल नावाची यंत्रणा यायची: जॅक गाडीच्या पोटाखाली कायमचेच बसवलेले. आतून पंप मारला की पाय खाली येऊन गाडी आपली आपण उभी. मला ही कल्पना इतकी आवडली की मी अर्धा तास तिच्यावर बोललो होतो. एडिटमध्ये सगळं उडवलं. आज ल मान्सला पिटमध्ये गाडी फुस्स आवाज करत उभी राहते ती तशाच पोटातल्या जॅकवर, फक्त तेलाऐवजी दाबलेल्या हवेवर. पण तो हवेचा पाइप पिटमध्ये. रस्त्यावर नाही.

रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारला मात्र जागेनं गाठलं. पोर्शं 911 घ्या. इंजिन मागे, म्हणून स्टेपनी पुढच्या डिकीत. जुन्या 911 ला प्रत्येक बाजूला मधोमध जॅकची एकच खोबण असायची. तिथे जॅक अडकवला की त्या बाजूची दोन्ही चाकं एकदम उचलली जायची, नावेसारखी गाडी कलायची. टायर रुंद होत गेले तसं चाक डिकीत मावेना. मग आली घडी घालून ठेवायची स्टेपनी: टायर आत सुरकुतून बसलेला, चाक लावलं की सोबतच्या इलेक्ट्रिक कंप्रेसरनं फुगवायचा. आणि त्यावर हळू जायचं. अमेरिकेतही 1960 च्या दशकाच्या शेवटी अशाच जागा वाचवणाऱ्या स्टेपन्या आल्या होत्या.

पण एक पेच कुणालाच नीट सुटला नाही. काढलेलं पंक्चरचं चाक ठेवायचं कुठे? स्टेपनीच्या बारक्या खळग्यात ते मावत नाही. दोन सीटांच्या गाडीत उत्तर एकच, शेजारच्या सीटवर. म्हणजे शेजारी बसलेला माणूस उतरणार.

शिवाय स्पोर्ट्स कारची पुढची आणि मागची चाकं बहुतेक वेळा वेगळ्या मापाची. एक स्टेपनी दोन्हीकडे कशी लावणार? ब्रेक मोठे, त्यावरून बारीक रिम जातच नाही. बरं, बारीक स्टेपनी मागे, इंजिनाची ताकद जाते त्या बाजूला लावली, तर दोन चाकांचा घेर वेगळा. सरळ रस्त्यावरही गाडीच्या डिफरन्शियलला वाटतं की गाडी सारखी वळतेय, आणि ते आत घासत राहतं. जाणते लोक म्हणून पुढचं एक चांगलं चाक काढून मागे लावतात आणि स्टेपनी पुढे. माप जुळत असेल तरच अर्थात. एका पंक्चरसाठी दोनदा जॅक लावायचा. त्यात पंक्चर झालेली स्पोर्ट्स कार जमिनीला इतकी टेकते की साधा जॅक खाली सरकतच नाही. आधी बसलेलं चाक फळीवर चढवायचं, मग जॅक. आणि जॅक बसतो फक्त ठरवून दिलेल्या जागेवर. चार बोटं इकडेतिकडे झालं की पत्रा आत. (जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालू नका, हे मी प्रत्येक वेळी सांगणार. नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धे सैल करा, हेही.)

मग कंपन्यांनी स्टेपनीच काढून टाकायची वाट शोधली. 1986 च्या सुमारास आलेल्या पोर्शं 959 मध्ये स्टेपनी नव्हती. हवा गेली तरी रिमवरून न निसटणारे टायर होते आणि टायरमधली हवा मोजणारी यंत्रणा होती. 1997 च्या कॉर्व्हेटनं तोच मार्ग धरला: जाड भिंतीचे रनफ्लॅट टायर, हवेचा सेन्सर, स्टेपनी नाही, जॅक नाही. सेन्सर गरजेचाच, कारण भिंत इतकी जाड की हवा गेल्याचं ड्रायव्हरला कळतच नाही. आजचे बहुतेक रनफ्लॅट हवा नसताना साधारण ताशी 80 किलोमीटरच्या वेगानं 80 किलोमीटर जातात. युरोपात तेवढ्यात दोन गावं आणि एक टायरचं दुकान येतं. आपल्याकडे दुकान येतं, त्या मापाचा टायर येत नाही.

आणि सगळ्यात स्वस्त वाट म्हणजे आमच्या डिकीतली बाटली. खिळा टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागात घुसला असेल तर ती छान काम करते, मी नाव ठेवणार नाही. बाजूची भिंत फाटली की तिचा उपयोग शून्य. आपल्याकडे 2020 मध्ये केंद्र सरकारनं नियम बदलले: गाडीत हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असेल तर प्रवासी कारमध्ये स्टेपनी सक्तीची नाही. म्हणजे बेंटलीचा 1928 चा निर्णय आता साध्या हॅचबॅकलाही घेता येतो.

माझ्या मित्राचं काय झालं? त्यानं महिनाभर मापं जुळवत शेवटी पुढे आणि मागे दोन्हीकडे बसेल असं एक बारीक चाक मिळवलं, बुटका जॅक घेतला, पाना घेतला, सागवानी फळीचा एक तुकडाही. जॅक, पाना आणि फळी डिकीत मावतात. चाक मावत नाही. म्हणून ते शेजारच्या सीटवर बेल्ट लावून बसतं. मागच्या महिन्यात तो परत साताऱ्याला गेला. मी स्वारगेटहून एसटीनं गेलो.